लढाईच्या दिवसांत काय बोलायचं, काय टाकायचं, आणि ठाण्यातून फोन आला तर

तालुक्याच्या गावी यूट्यूबवर बातम्यांचं चॅनल चालवणाऱ्या एका पोरानं विचारलंय: मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू असताना त्यानं एक व्हिडिओ टाकला होता, पहलगामला त्या दिवशी पर्यटकांच्या सुरक्षेला कोण होतं असा सरळ प्रश्न विचारणारा. ठाण्यातून फोन आला, युद्ध चालूय, आता असलं काही बोलायचं नाही, काढून टाक. त्यानं काढला. त्याच्या मित्राला तर व्हॉट्सॲप स्टेटसवरून नोटीसच आली. आता त्याला विचारायचंय की लढाई सुरू झाली की सरकार खरंच आपलं तोंड बंद करू शकतं का, आणि पुढच्या वेळी काय दाखवायचं, काय नाही.

मी २६ वर्षं वकिली करतोय, जिल्हा कोर्टात आणि आपल्या खंडपीठात, आणि त्यातली बरीच कामं छोट्या पेपरवाल्यांची, वार्ताहरांची, आता तुझ्यासारख्या चॅनलवाल्या पोरांची. तू माझ्या लेकराच्या वयाचा दिसतोस म्हणून तू म्हणूनच लिहितो. थोडं लांबलचक होईल पण हे नीट समजून घे, कारण अर्धवट माहितीवर लोक एक तर घाबरून गप्प बसतात नाहीतर नको ते टाकून बसतात.

सगळ्यात आधी ते वाक्य घे, "युद्ध चालूय म्हणून हक्क बंद". असं आपोआप होत नाही. घटनेच्या कलम ३५२ खाली राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करावी लागते, आणि ती युद्ध किंवा परकीय आक्रमण या कारणानं असेल तरच कलम ३५८ प्रमाणे कलम १९, म्हणजे आपलं बोलण्या-लिहिण्याचं स्वातंत्र्य, बाजूला पडतं. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनंतर तर असंय की तेव्हासुद्धा त्या आणीबाणीशी संबंध आहे असं स्पष्ट लिहिलेल्या कायद्यालाच हे कवच मिळतं, कुठल्याही साहेबाच्या तोंडी हुकमाला नाही. आपल्याकडं परकीय आक्रमणाची आणीबाणी दोनदाच लागली, चीनच्या वेळी २६ ऑक्टोबर १९६२ ला आणि पाकिस्तानच्या वेळी ३ डिसेंबर १९७१ ला. १९९९ ला कारगिलमध्ये लागली नाही आणि मे २०२५ मध्येही लागली नाही. म्हणजे तुला फोन आला त्या दिवशी तुझं कलम १९ जसंच्या तसं जिवंत होतं. सरकारला बंधनं घालता येत होती, पण कलम १९(२) मध्ये लिहिलेल्या कारणांसाठीच (देशाचं सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षा, परराष्ट्राशी संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याला चिथावणी वगैरे), आणि तीही कायद्यानं, वाजवी पाहिजेत.

आता सरकारची बाजू. ती पण खरी आहे आणि मी ती मनापासून मानतो. २६/११ ला मुंबईत कमांडो कुठं उतरायलेत, कुठल्या मजल्यावर आहेत हे चॅनलं लाइव्ह दाखवत होती आणि तिकडं पाकिस्तानात बसलेले हँडलर ते बघून आतल्या अतिरेक्यांना फोनवर सांगत होते. कसाबच्या अपिलात सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये या कव्हरेजवर लई कडक शब्दांत लिहिलंय. त्यानंतर केबल टीव्हीच्या नियमांत ६(१)(प) आला, की अतिरेकीविरोधी कारवाई चालू असताना लाइव्ह दाखवायचं नाही, नेमलेला अधिकारी अधूनमधून सांगेल तेवढंच द्यायचं. पहलगामला २२ एप्रिल २०२५ ला २६ माणसं मारली गेली आणि २६ एप्रिलला माहिती प्रसारण मंत्रालयानं जी सूचना काढली ती ह्याच नियमावर बोट ठेवून होती, की सैन्याच्या हालचालींचं लाइव्ह कव्हरेज नको, सोशल मीडियावाल्यांनीही नको. मला विचारशील तर ही सूचना बरोबर होती. माझ्याकडं कुणी आलं असतं की हिच्या विरोधात याचिका टाका तर मी घेतली नसती.

का ते सांगतो. त्याच आठवड्यात माझ्या गावाकडचा एक जवान सुट्टीवर आलेला, लग्नाला महिना झालेला, त्याला परत बोलावलं. गावानं वेशीपासून मिरवणूक काढली, हलगी लावली, आईनं औक्षण केलं, तिचा हात थरथरत होता आणि ताटातला दिवा दोनदा विझला, तो शेजारणीनं परत लावला. आणि मागं बारा फुटाचा फ्लेक्स. फ्लेक्सवर जवानाचा फोटो, त्याच्या युनिटचा नंबर, कुठल्या सेक्टरला पोस्टिंग ते, आणि कुठल्या गाडीनं कधी निघणार तेसुद्धा! तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत तालुक्यातल्या प्रत्येक ग्रुपवर होता. कुणाच्याच मनात पाप नव्हतं, सगळ्यांच्या डोळ्यात पाणी होतं, पण शत्रूला जे पाहिजे असतं ते नेमकं त्या फ्लेक्सवर छापलेलं होतं. मी रात्री सरपंचाला फोन करून फ्लेक्स काढायला लावला आणि ज्यांनी ज्यांनी टाकलं त्यांना एकेकाला सांगून डिलीट करायला लावलं. दोन पोरं माझ्यावर चिडली. चिडू देत.

म्हणून माझी साधी कसोटी अशी की कुठं, कधी, किती आणि कोण हे चार प्रश्न. सैन्याची गाडी कुठून चालली, कधी निघाली, किती डबे, कुठलं युनिट, रेल्वे स्टेशनवर वॅगनवर चढवलेले रणगाडे, एअरपोर्टवर उतरलेली विमानं, जवानाच्या घरच्यांना त्यानं फोनवर काय सांगितलं, यातलं काही टाकायचं नाही, कुणी बंदी घातलेली असो का नसो. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा अजून चालू आहे आणि त्यात लष्करी ठिकाणांचे फोटो, नकाशे याबद्दलची कलमं फार कडक आहेत, आणि तिथं "मला माहीत नव्हतं साहेब" ह्यानं सुटका होईलच असं नाही. अजून एक, सायरन. त्याच मे महिन्यात सरकारनं सांगितलं होतं की कार्यक्रमात हवाई हल्ल्याच्या सायरनचा आवाज वापरू नका, कारण लोकांना त्याची सवय झाली तर खरा भोंगा वाजल्यावर कुणी हलणार नाही. हेही अगदी पटण्यासारखं आहे.

पण "का", "कशासाठी", "कुणाची चूक", "लढाई नको", "मेलेल्यांचं वाईट वाटतं", हे सगळं मत आहे. मत त्या चार प्रश्नांत येत नाही. गुप्तहेराला तुझ्या मतातून काहीही मिळत नाही. सगळी गडबड होते ती इथं, की चार प्रश्नांसाठी असलेली बंदी ठाण्यातला माणूस मतावर चालवतो. तू विचारलेला प्रश्न, पहलगामला सुरक्षा का नव्हती, तोच प्रश्न जुलै २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरवरच्या चर्चेत लोकसभेत उभं राहून विचारला गेला आणि सगळ्या देशानं तो टीव्हीवर बघितला. जो प्रश्न खासदार विचारू शकतो तो तालुक्याच्या गावच्या पोरानं विचारला की देशद्रोह होतो, असं कुठल्याच कायद्यात नाही. खासदाराला सभागृहात विशेषाधिकाराचं संरक्षण असतं हे खरं, पण प्रश्न गुन्हा असता तर तो सभागृहाबाहेर रोज पेपरात छापून आलाच नसता.

कोर्टं काय म्हणतात ते बघ, कारण ठाण्यात हेच उपयोगी पडतं. कोल्हापूर जिल्ह्यात शिकवणारे एक काश्मिरी प्राध्यापक, त्यांनी स्टेटस ठेवलं होतं की ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस, आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. जुन्या दंड संहितेच्या १५३अ खाली (गटागटांत द्वेष पसरवणं) गुन्हा दाखल झाला, मुंबई हायकोर्टानं रद्द केला नाही, सुप्रीम कोर्टानं ७ मार्च २०२४ ला रद्द केला. त्यांनी सांगितलं की ३७० काढल्यावर टीका करणं हा नागरिकाचा हक्क आहे आणि दुसऱ्या देशाला त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणं ही सदिच्छा आहे. मग २८ मार्च २०२५ चा, खासदार आणि कवी इम्रान प्रतापगढींच्या कवितेवरून झालेल्या गुन्ह्याचा सुप्रीम कोर्टाचा निकाल. त्यात कोर्ट म्हणतं की बोललेल्या शब्दाचा परिणाम मोजायचा तो खंबीर, समंजस माणसाच्या मापानं, प्रत्येक गोष्टीत धोका दिसणाऱ्या दुबळ्या मनाच्या माणसाच्या मापानं नाही. हे माप मुळात १९४६-४७ च्या सुमारास नागपूर हायकोर्टात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी घालून दिलं, इंग्रज इथं असताना! तेव्हा इंग्रजांच्या राज्यातल्या नागपूरच्या कोर्टाला जे कळत होतं ते आज आपल्या ठाणेदाराला कळायला काय हरकत आहे.

आणि आपल्याच जिल्ह्यांतलं एक. माजलगावला नागरिकत्व कायद्याच्या विरोधात लोकांना जुन्या ईदगाह मैदानावर शांतपणे धरणं धरायचं होतं, बीडच्या प्रशासनाचा मनाई आदेश होता, परवानगी नाकारली. आपल्या औरंगाबाद खंडपीठानं फेब्रुवारी २०२० मध्ये तो आदेश रद्द केला आणि लिहिलं की एका कायद्याला विरोध करायचाय एवढ्यावरून कुणाला गद्दार किंवा देशद्रोही म्हणता येणार नाही. न्यायमूर्ती नलावडे आणि सेवलीकर यांचं खंडपीठ. तो निकाल मी छापून ऑफिसात ठेवलाय, पक्षकाराला वाचायला देतो.

पुण्याच्या इंजिनिअरिंगच्या पोरीचं प्रकरण तर तुझ्या समोर घडलं. १९ वर्षांची, ऑपरेशन सिंदूरवर कुणाची तरी पोस्ट पुढं पाठवली, दोन तासांत काढून टाकली, माफी मागितली, तरी अटक आणि कॉलेजातून नाव काढलं, परीक्षा चालू असताना. २७ मे २०२५ ला हायकोर्टानं जामीन दिला, कॉलेजचा आदेश थांबवला, आणि सरकार एका विद्यार्थिनीचं आयुष्य उद्ध्वस्त करायला निघालंय का असं विचारलं. पोरगी सुटली, पण ते दिवस तिचे गेलेच ना. कोर्टात शेवटी जिंकणं आणि मधले अठरा-वीस दिवस कोठडीत काढणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि माझ्यासारख्या वकिलाला झोप लागत नाही ती या मधल्या दिवसांमुळे.

आता वरच्या पातळीवर काय चाललं होतं तेही बघ, कारण तुझ्या चॅनलला तिथूनच जास्त धोका आहे. ८ मे ला एक्सनं जाहीर केलं की भारत सरकारनं ८,००० पेक्षा जास्त अकाउंट बंद करायला सांगितलीत आणि बऱ्याच ठिकाणी नेमकी कुठली पोस्ट चुकीची हेच सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी द वायरची वेबसाइट बंद झाली, एका बातमीवरून, बातमी काढल्यावर चालू झाली. हे होतं आयटी कायद्याच्या ६९अ कलमानं, म्हणजे नेटवरचा मजकूर बंद करायचा अधिकार सरकारला देणाऱ्या कलमानं. कलम वैध आहे, श्रेया सिंघलच्या २०१५ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं ते ठेवलं, पण ठेवताना काय बघितलं, तर आदेशाला लेखी कारणं पाहिजेत आणि त्याला आव्हान देता आलं पाहिजे. अडचण अशी की २००९ च्या नियमांत १६ वा नियम आहे, सगळं गोपनीय ठेवायचा, म्हणून ज्याचं अकाउंट बंद झालं त्यालाच कारण कळत नाही. मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते हे. धोका असेल तर एक व्हिडिओ बंद करा, अख्खं चॅनल का, आणि बंद केल्यावर का ते सांगायला काय जातं. मीडियावन चॅनलच्या केसमध्ये ५ एप्रिल २०२३ ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की राष्ट्रीय सुरक्षेचं कारण हवेतून काढून दाखवता येत नाही, त्याला आधार लागतो.

आणि एवढी बंधनं असताना ८-९ मे च्या रात्री मोठमोठ्या चॅनलांनी काय केलं ते आठवतंय ना, कराची बंदर उडवलं म्हणून सांगितलं, ते झालेलंच नव्हतं. माझी आई, वय ८१, पहाटे चारपर्यंत टीव्हीसमोर बसलेली, सकाळी मला म्हणते, अरे बंदर पडलं म्हणे मग आता संपलं का. काय सांगणार तिला. खोटी विजयवार्ता चालली आणि खरा प्रश्न विचारणारा व्हिडिओ काढायला लागला, ह्याचा मला आजही राग आहे.

आपल्या मराठवाड्याला ही गोष्ट नवी नाही. निजामाच्या राज्यात गश्ती ५३ म्हणून हुकूम होता, परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही. १९३८ ला औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या पोरांनी वसतिगृहात वंदे मातरम म्हटलं म्हणून त्यांना शिक्षण सोडायची पाळी आली, पुढं नागपूर विद्यापीठानं त्यातल्या कित्येकांना घेतलं. आ. कृ. वाघमारेंनी 'मराठवाडा' काढला तो पुण्यातून छापून, इथं बंदी यायची, मग दुसऱ्या नावानं अंक काढायचा. हैदराबादला 'इमरोज' चे संपादक शोएबुल्ला खान, मुसलमान माणूस, उर्दू पेपर, हैदराबादनं भारतात सामील व्हावं असं लिहायचे, ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना रझाकारांनी रस्त्यात गोळ्या घातल्या आणि लिहिणारा हात तोडला. १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो तेव्हा हे नाव घेतलं पाहिजे असं मला फार वाटतं.

पण दुसरी बाजूही तेवढीच आपली आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय सैन्यानं हैदराबाद घेतल्यावर, उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या भागांत मुसलमान वस्त्यांवर जे झालं त्याची चौकशी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. समितीनं अंदाज दिला २७,००० ते ४०,००० माणसं मेल्याचा. तो अहवाल सरकारनं छापला नाही, सामान्य माणसाला बघायला मिळाला तो थेट २०१३ ला. ६५ वर्षं. तेव्हा कारण काय होतं, तर वातावरण नाजूक आहे. रझाकारांनी केलेलं आपल्याला घरोघरी माहितीय, हे दुसरं कुजबुजत राहिलं, आणि कुजबुजीत आकडे वाढतात तरी नाहीतर गायब तरी होतात. माझ्या आजोळच्या गावात एक विहीर आहे, तिच्याबद्दल म्हातारी माणसं आवाज खाली करून बोलायची आणि मी जवळ गेलो की विषय बदलायची. तिथं नेमकं काय झालं ते मला कुणीच सांगितलं नाही आणि आता सांगणारं कुणी उरलं नाही.

१९७५ च्या आणीबाणीत 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव तुरुंगात गेले हे तुला माहीत असेल. पण आणीबाणीच्या काळांतले दोन निकाल वकील सोडून फारसं कुणाला माहीत नाहीत. मिनू मसानींच्या मासिकातले लेख सेन्सॉरनं अडवले, ते मुंबई हायकोर्टात गेले, फेब्रुवारी १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, न्यायमूर्ती मदन आणि कानिया यांनी सेन्सॉरचे आदेश रद्द केले आणि सांगितलं की सगळ्या पेपरांना एकाच सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नाही. आणि त्याच्याही आधीचं, १९६२ ची आणीबाणी चालू, प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध, आत बसून त्यांनी मराठीत अणूवर विज्ञानाचं पुस्तक लिहिलं. सरकार म्हणालं हस्तलिखित बाहेर पाठवू देणार नाही. हायकोर्टानं पाठवू द्या म्हटलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथंही हरलं. निकालाची तारीख बघ, ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी आपलं सैन्य लाहोरच्या आघाडीवर सीमा ओलांडून गेलं होतं. तिकडं तोफा चालू आणि इकडं कोर्ट सांगतंय की स्थानबद्ध माणसाचं पुस्तक बाहेर जाऊ द्या, नियमात मनाई लिहिलेली नाही तर तुम्हाला अडवता येणार नाही. मी हे प्रत्येक ज्युनिअरला सांगतो.

आता कामाचं. ठाण्यातून फोन आला तर भांडायचं नाही, नम्रपणे म्हणायचं की साहेब, लेखी द्या, कुठल्या कलमाखाली ते लिहून द्या, मी लगेच बघतो. निम्म्या वेळा पुढं काहीच येत नाही. फोनची तारीख, वेळ, बोललेलं सगळं वहीत लिहून ठेव. नोटीस आली तर आधी बघायचं कुठली आहे. जुन्या १४९ ची, म्हणजे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १६८ ची असेल तर ती फक्त ताकीद असते, तिच्यामुळं तू आरोपी होत नाहीस, दोन ओळींचं उत्तर आणि पोच घे, बास. ग्रुप ॲडमिनला सर्रास ह्या नोटिसा देतात. घाबरू नको, मेंबरनं काही टाकलं म्हणून ॲडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही, असं नागपूर खंडपीठानं २०२१ ला गोंदियाच्या केसमध्ये सांगितलंय. पण ३५(३) ची, म्हणजे जुन्या ४१अ ची, चौकशीला हजर राहायची नोटीस असेल तर दिलेल्या तारखेला हजर व्हायचंच, वकिलाला घेऊन. गेला नाहीस तर अटकेला तूच कारण दिलंस. आणि न्याय संहितेचं १९६ (गटागटांत द्वेष) किंवा ३५३ (खोटी विधानं, अफवा) सारखं तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं कलम असेल तर गुन्हा नोंदवायच्या आधी सुरक्षा संहितेच्या १७३(३) खाली चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते आणि बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणात ती करणंच योग्य असं प्रतापगढी निकालात आहे, वकिलाला तो निकाल न्यायला सांग. न्याय संहितेचं १५२ (देशाचं सार्वभौमत्व, एकता धोक्यात आणणं) लावलं तर मात्र गंभीर, तिथं जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे आणि ही चौकशीची वाटही बंद होते, त्या दिवशीच अटकपूर्व जामिनाच्या तयारीला लागायचं. तरी त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात कायदेशीर मार्गानं बदल व्हावा म्हणून केलेल्या टीकेचा उल्लेख आहे आणि "हेतुपुरस्सर किंवा जाणूनबुजून" हे शब्दही आहेत, ते अर्जात मोठ्या अक्षरात घालायचे.

फोन मागितला तर जप्ती पंचनाम्याशिवाय द्यायचा नाही, जप्तीचं व्हिडिओ शूटिंग आता कायद्यानंच करायचं असतं, ते मागायचं, आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे फोनमधल्या डेटात नंतर काही बदललं तर पकडणारा आकडा, पंचनाम्यात लिहायला लावायची, नाहीतर नंतर फोनमध्ये काय निघालं यावर बोलायला तुझ्याकडं काही राहत नाही. घाबरून सगळं डिलीट करायचं नाही. मागच्या वर्षी एका पोरानं नोटीस हातात पडल्यावर सगळं उडवलं, त्याची पोस्ट साधी होती पण त्याच्यावर पुरावा नष्ट केल्याचा ठपका आला आणि मूळ पोस्टपेक्षा तेच जड झालं.

तुझ्या व्हिडिओचं म्हणशील तर तो एकदा माझ्या त्या चार प्रश्नांवर तपास. जवानांच्या चौक्या, गस्तीच्या वेळा असं काही त्यात असेल तर तेवढं काप. नसेल तर परत टाक, फोनवरचं बोलणं हा आदेश नसतो. मित्राच्या नोटिशीचा फोटो मात्र आजच पाठव, दोन्ही बाजूंचा, मागच्या बाजूला बऱ्याचदा हजर राहायची तारीख हातानं लिहिलेली असते आणि पोरं ती बघतच नाहीत.